बोरॉन म्हणजे चुंबकातली भेसळ नव्हे

'चुंबकत्वासाठी अणूंची शिस्तशीर रचना लागतेच. बोरॉनसारखं अचुंबकी मूलद्रव्य मिसळलं की चुंबक बिघडला', हा समज जुना आहे आणि जेमतेम अर्धा खरा. बोरॉनमुळे चुंबकत्व थोडं उतरतं, नाहीसं होत नाही. अणूंचे स्पिन, म्हणजे त्यांची इवली चुंबकं, एका दिशेला बांधले जातात ते लगतच्या शेजाऱ्यांमुळे. दूरवरच्या रांगा त्यासाठी लागत नाहीत. बोरॉन असलेल्या अस्फटिकी, म्हणजे अणूंची शिस्तशीर रचना नसलेल्या, लोहमिश्रधातूचे गाभे असलेले वितरण ट्रान्सफॉर्मर भारतातही आहेतच की!

खरी गंमत एमरॅम चिपमध्ये, म्हणजे चुंबकत्वाच्या दिशेतून माहिती साठवणाऱ्या मेमरी चिपमध्ये आहे. कोबाल्ट-लोहात सुमारे २० टक्के बोरॉन घातलं की नॅनोमीटरभर जाडीचा थर अस्फटिकी, म्हणूनच गुळगुळीत बसतो. त्यावर मॅग्नेशियम ऑक्साइड स्वतःची नीटस स्फटिकरचना घेऊन वाढतो. मग ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा वर तापवलं, की बोरॉन शेजारच्या टँटलमसारख्या थरात सरकतं आणि कोबाल्ट-लोह त्या ऑक्साइडच्याच साच्यात स्फटिक होतं. बोरॉन फार कमी असेल, तर थर आधीच भलत्या दिशांनी स्फटिकतो.

२००८ मध्ये जपानी संशोधकांनी अशाच जोडणीत (दोन चुंबकी थर, मध्ये ऑक्साइड) दोन्ही थरांचं चुंबकत्व एकाच दिशेला आणि उलट दिशेला असताना विद्युतरोधात सामान्य तापमानाला ६०४ टक्के फरक मोजला.