एकाच बाजूला वल्हं, तरी होडी सरळ

23 ऑगस्ट 2008, बीजिंग ऑलिंपिक. रशियाच्या मक्सिम ओपालेवने कनू या अरुंद, हलक्या होडीच्या एकेरी शर्यतीतलं 500 मीटर अंतर 1 मिनिट 47.14 सेकंदांत कापलं. म्हणजे ताशी जवळपास 17 किलोमीटर, तेही एका गुडघ्यावर बसून आणि फक्त एकाच बाजूला वल्हं मारत.

होडी वल्हवलेल्या कुणालाही यातली अडचण कळेल. एकाच बाजूला वल्हं मारलं की होडीचं नाक दुसरीकडे वळतं. कयाक या दुसऱ्या प्रकारच्या होडीत खेळाडूच्या वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात, शिवाय पायाने फिरवायचं सुकाणू असतं. कनूला सुकाणूची मुभाच नाही. म्हणून प्रत्येक वल्ह्याच्या शेवटी खेळाडू मनगट वळवतो आणि पातं होडीपासून किंचित बाहेर ढकलतो, की नाक पुन्हा रेषेवर येतं. पण दिशा सुधारण्यात गेलेली ताकद होडीला पुढे नेत नाही. ती जितकी कमी लागेल तितका खेळाडू निष्णात. मला या खेळाचं सगळं सौंदर्य त्या मनगटात दिसतं.

पाण्याचा हिशेबही कठोर असतो. पाण्याचा विरोध साधारणपणे वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे लागणारी शक्ती घनाने वाढते. वेग 1 टक्का वाढवायचा तर शक्ती सुमारे 3 टक्के जास्त हवी. त्या दिवशी ओपालेव आणि दुसऱ्या आलेल्या स्पेनच्या दाविद काल यांच्यात सेकंदाहून थोडंच जास्त अंतर होतं. ऐकायला ते किरकोळ वाटतं, पण तेवढ्यासाठी शरीराला किती जास्त राबावं लागलं असेल! त्यात वल्हं पाण्याबाहेर असताना होडी मंदावते आणि पुढच्या ओढीत पुन्हा उसळते. सरासरी वेग तोच राहिला तरी या चढउतारात जास्त ऊर्जा खर्च होते. पावणेदोन मिनिटांच्या अशा श्रमात नुसता स्फोटक जोर पुरत नाही, निम्म्याहून अधिक ऊर्जा श्वासातल्या ऑक्सिजनच्या जोरावर तयार होते.

ओपालेव व्होल्गाकाठच्या व्होल्गोग्राडचा, जन्म 1979 सालचा. एकविसाव्या वर्षी सिडनीत त्याला याच शर्यतीत रौप्य मिळालं, हंगेरीच्या ग्यॉर्गी कोलोनिचच्या मागे. अथेन्सला 2004 मध्ये कांस्य. त्या वेळी जर्मनीचा आंद्रेआस डिटमर पहिला आला होता. अधल्यामधल्या वर्षांत 200 आणि 500 मीटरमध्ये ओपालेवने जागतिक विजेतेपदं मिळवली, पण ऑलिंपिकचं सोनं हुलकावणी देत राहिलं. चाहत्यांचा जीव त्याच्यावर जडला तो या वाट पाहण्यामुळेही असावा, असं मला वाटतं. बीजिंगला पोहोचला तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता. त्याला सिडनीत हरवणारा कोलोनिच त्याआधी काही आठवडेच, जुलैमध्ये, सराव करताना कोसळून वारला होता.

पुढच्या लंडन ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या एकेरी कनूची 500 मीटर शर्यत काढून 200 मीटरची आणली गेली. त्यामुळे बीजिंगनंतर या शर्यतीला नवा ऑलिंपिक विजेता मिळालेला नाही.