एकाला मानवतं, दुसऱ्याला का नाही?

गंगापूर तालुक्यातली दोन पोरं वाळूज एमआयडीसीतल्या एखाद्या पेंट शॉपमध्ये एकाच दिवशी कामाला लागली, असं धरू. शिफ्ट एक, थिनरचा वास एक, डबाही जवळपास एकच. पाच-सहा वर्षांनी एक ठणठणीत आहे. दुसऱ्याला जिना चढताना दम लागतो, दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं. घरचे म्हणतात, "त्याला ते काम मानवलं नाही." शब्द नेमका आहे. पाऊस सारखाच पडतो, पण काळ्या रानात पाणी साचतं आणि मुरमाड रानातून निघून जातं, तसंच हे.

थिनर हे सॉल्व्हंटचं, म्हणजे रंग विरघळवणाऱ्या द्रवांचं मिश्रण. त्यात बहुधा टोल्युईन, झायलीन असतं आणि माल हलका असला तर बेंझीनही. पेट्रोलमध्येही बेंझीन असतं. आपल्याकडे त्याची मर्यादा १ टक्का आहे. गंमत म्हणजे बेंझीनपेक्षा जास्त घात करतात ते त्यापासून शरीरातच तयार होणारे पदार्थ. यकृतातलं सीवायपी२ई१ नावाचं विकर (एन्झाइम) बेंझीन बाहेर टाकण्याच्या खटपटीत त्याचं रूप बदलतं. त्यातून हायड्रोक्विनोनसारखे पदार्थ तयार होतात आणि रक्तावाटे हाडांच्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत पोचतात. तिथं त्यांचं बेंझोक्विनोन होतं. रक्तपेशी जिथं जन्मतात, त्या जागेवरच हा घाला. पांढऱ्या पेशी घटतात, प्लेटलेट घटतात. वर्षानुवर्षं असंच चाललं तर रक्ताच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

बेंझोक्विनोनला पुन्हा निवळवणारं एक विकर मज्जेत असतं, एनक्यूओ१. काही माणसांत त्याच्या जनुकात ६०९ क्रमांकाच्या जागी एका अक्षराचा फरक असतो. आई आणि बाप दोघांकडूनही बदललेलं अक्षर आलं, तर हे विकर जवळजवळ नसल्यातच जमा. एरवी माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही.

१९९७ मध्ये शांघायच्या कामगारांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचं सीवायपी२ई१ जोरात चालतं आणि एनक्यूओ१ असं निकामी आहे, त्यांना बेंझीनच्या विषबाधेचा धोका, दोन्ही बाबतींत सुदैवी असलेल्यांच्या ७.६ पट निघाला. २००४ मध्ये त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट पुढं आली. चीनमधल्याच त्येनजिनच्या बूट कारखान्यांतले २५० कामगार तपासले, तेव्हा हवेत बेंझीन दहा लाखांत एक भागापेक्षाही कमी असताना पांढऱ्या पेशी घटलेल्या दिसल्या. अमेरिकेत १९८७ पासून कायद्यानं चालणारी मर्यादा नेमकी हीच, दहा लाखांत एक.

(जाता जाता: रोजच्या दारूनं सीवायपी२ई१ वाढतं. शिफ्ट सुटल्यावरची क्वार्टर त्या वासाच्या बाजूनं काम करते.)

तांबड्या पेशींची कथा निराळी. जी६पीडी हे विकर कमी असलेल्यांच्या तांबड्या पेशी काही रसायनांपुढं फुटतात. हा दोष १९५६ मध्ये प्रायमाक्वीन या हिवतापाच्या औषधामुळं उलगडला. जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यानं तो पुरुषांत जास्त दिसतो. नॅफ्थलीन हे त्यातलं घरोघरचं रसायन. डांबरगोळ्या घातलेल्या ट्रंकेतून काढलेली कुंची-गोधडी तशीच गुंडाळल्यानं, हा दोष असलेल्या तान्ह्या बाळांना तीव्र कावीळ झाल्याच्या नोंदी आहेत.

मग भरतीच्या वेळीच जनुकं तपासावीत का? ही कल्पना जुनी आहे. पुढं भारतात येऊन राहिलेले ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९३८ मध्येच कुंभारकामगारांच्या श्वासनलिकेच्या आजाराबद्दल असा विचार मांडला होता. मला ती मानवत नाही. ठेकेदाराच्या हाती असा कागद पडला तर हवा आहे तशीच राहील आणि पोरगं तेवढं गेटाबाहेर जाईल. शिवाय ज्याचं जनुक 'चांगलं' निघालं, त्याची मज्जा काही लोखंडाची नसते. बेंझीनची विषबाधा कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे सरकारला कळवायच्याच आजारांत होती. २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा घेतलेल्या कामगार सुरक्षा संहितेतही ती त्याच यादीत आहे.

हातात सोपी गोष्ट आहे ती सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजणारी साधी तपासणी. मात्र एकच रिपोर्ट वाचून भागत नाही. पांढऱ्या पेशी साधारण ४,००० ते ११,००० असल्या की कागदावर 'नॉर्मल' छापून येतं. पण कामाला लागताना ८,५०० असलेला आकडा दोन वर्षांनी ६,८०० आणि आता ४,६०० असेल, तर तिन्ही कागदांवर नॉर्मलच लिहिलेलं असतं. हा उतार दिसायला जुने कागद लागतात, आणि ते बहुतेक वेळा कंपनीच्या फाईलमध्ये असतात. तपासणी झाली की प्रत मागून घ्यायची आणि घरी रेशन कार्डाशेजारी ठेवायची.