पुस्तक निघालंय, हे वाचकाला कळतं कसं?

मराठी वाचनाचा इतिहास बहुधा लेखकांच्या अंगानं सांगितला जातो. तोच इतिहास पुस्तकाच्या बातमीच्या अंगानं पाहिला तर वेगळा दिसतो. एखादं पुस्तक छापून झालं, इथपर्यंत ठीक. पण ते निघालंय हे साताऱ्यातल्या किंवा अमळनेरातल्या माणसाला कोण सांगणार, आणि ते त्याच्या हातात कोण देणार? हा प्रश्न मराठीत छपाईइतकाच जुना आहे, आणि प्रत्येक पिढीनं त्याला आपापलं उत्तर शोधलं आहे.

सुरुवातीला तर पुस्तक एकीकडे आणि वाचक दुसरीकडे अशीच स्थिती होती. फादर स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला छापलं गेलं, पण रोमन लिपीत. विल्यम केरी यांचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये निघालं ते बंगालमधल्या श्रीरामपूरला. पुढच्याच वर्षी तंजावरला सरफोजीराजे यांच्या छापखान्यात इसापाच्या गोष्टी ‘बालबोधमुक्तावली’ या नावानं देवनागरीत छापल्या. पुण्या-मुंबईच्या मराठी माणसापर्यंत यातलं काही सहजी पोचण्याजोगं नव्हतं.

घराघरांत पोचलेली छापील वस्तू म्हणजे पंचांग. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाप्रेसवर, म्हणजे दगडावरून छपाई करणाऱ्या यंत्रावर, पंचांग छापलं. छापाच्या शाईत चरबी असते, तेव्हा छापील कागद सोवळ्यात चालत नाही, अशी समजूत होती. म्हणून त्यांनी तुपाची शाई वापरल्याचं सांगतात. शाईची हकीकत सगळे सांगतात, पण इथे महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे. पंचांग दरवर्षी नवं घ्यावं लागतं. ठरलेल्या मोसमात पैसे मोजून छापील वस्तू घरी आणायची सवय मराठी घराला पंचांगानं लावली. पुढे दिवाळी अंक रुजले त्या जमिनीची मशागत इथली आहे.

पुस्तकांचं गणित मात्र वेगळं होतं. खप किती होईल याचा भरवसा नाही आणि कागद-छपाईचे पैसे आधी लागतात. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात आगाऊ वर्गणीची पद्धत पडली. पुस्तक छापायच्या आधी जाहिरात द्यायची, वर्गणीदार गोळा करायचे आणि पुरेसे जमले की काम छापखान्यात टाकायचं. अनेक जुन्या पुस्तकांत आश्रयदात्यांची गावांसह यादी सापडते. कोणत्या गावात कोण वाचत होतं याचा तो अस्सल कागदोपत्री पुरावा आहे, आणि जुनं पुस्तक हाताशी आलं की ती पानं आधी पाहावीत. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशासाठी हीच कल्पना मोठ्या प्रमाणावर राबवली. १९१६ मध्ये भागभांडवलाची कंपनी काढली आणि मागणी गावोगाव फिरून उभी केली. आजची ‘प्रकाशनपूर्व सवलत’ ही त्याच वर्गणीची नात.

१८७७ मध्ये टपाल खात्यानं व्ही.पी. सुरू केली, तेव्हा पोस्ट ऑफिस असलेलं प्रत्येक गाव पुस्तकाच्या टप्प्यात आलं. एक कार्ड टाकायचं आणि पुडकं आलं की पोस्टमनला पैसे द्यायचे. यात मोडतं काय, तर वाचकाचा शब्द. पुडकं येईपर्यंत पैसे संपलेले असले की ते परत जातं आणि टपालखर्च प्रकाशकाच्या अंगावर पडतो. म्हणून थोडी रक्कम आगाऊ मागायची रीत पडली. याच व्यवहारानं मलपृष्ठावरच्या याद्या वाढवल्या. ‘आमची इतर प्रकाशने’ हे पान त्या काळचं फिरतं दुकानच होतं. जुन्या, विस्मरणात गेलेल्या पुस्तकांचा माग काढायचा तर आजही त्याच पानापासून सुरुवात करावी.

सरकारला मात्र सगळं ठाऊक असे. १८६७ च्या कायद्यानं प्रत्येक छापील पुस्तकाची नोंद सक्तीची झाली आणि तिमाही याद्या निघू लागल्या. पुस्तकाचं नाव, छापखाना, प्रती, किंमत, सारं त्यात असे. ही माहिती सर्वसामान्य वाचकाच्या हाती पडावी अशी सोय मात्र नव्हती.

ग्रंथालयांची सुरुवात तशी लवकर झाली. रत्नागिरी १८२८, अहमदनगर १८३८, नाशिक १८४०, पुणे १८४८, कोल्हापूर १८५०. यातली बरीचशी ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ या नावानं उभी राहिली. पुण्याच्या लायब्ररीमागे लोकहितवादींची खटपट होती. पण कपाटांत भरणा इंग्रजी पुस्तकांचा, आणि वर्गणी भरणारे म्हणजे अधिकारी, वकील आणि शिकलेली मंडळी. मराठी पुस्तक हाच संग्रहाचा विषय मानणाऱ्या संस्था त्यानंतर अर्ध्या शतकानं आल्या. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १ जून १८९३ रोजी सुरू झालं, मुंबईचं १८९८ मध्ये. न्या. रानड्यांनी पुण्यात १८७८ ला ग्रंथकार संमेलन भरवलं होतं, त्यानंतरची ही वीस वर्षं. मराठी साहित्य संमेलनाच्या मुळाशीही लिहिणाऱ्यांच्या कौतुकाइतकीच ग्रंथप्रसाराची काळजी होती, हे आज विसरायला होतं.

बडोद्याचं काम सगळ्यांपेक्षा पुढचं. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन हे ग्रंथपाल आणवले आणि राज्यभर ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं. ज्या खेड्यात वाचनालय नाही तिथे निवडक पुस्तकांच्या लाकडी पेट्या धाडल्या जात. गावानं पेटी वाचावी, परत करावी, दुसरी घ्यावी. ही पेटी लक्षात ठेवावी, कारण शंभर वर्षांनी ती नाशकात पुन्हा भेटते.

अमुक विषयावर मराठीत आजवर काय काय छापलं गेलंय, या प्रश्नाला नीट उत्तर दिलं शंकर गणेश दाते यांनी. त्यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’चा पहिला खंड १९४३ मध्ये निघाला. त्यात १८०० ते १९३७ पर्यंतच्या पुस्तकांची विषयवार नोंद आहे. दुसरा खंड १९६१ चा, त्यात १९५० पर्यंतची पुस्तकं. मराठी वाचकावर एका माणसाचे एवढे उपकार क्वचितच असतील. सूची वाचायची रीत सोपी आहे. लेखकाचं नाव ठाऊक नसलं तरी विषयाच्या गटात शिरायचं. एका पुस्तकाच्या शेजारी त्याच विषयाची आणखी दहा उभी असतात, आणि त्यातली आठ आपण कधी ऐकलेलीही नसतात.

दिवाळी अंकाकडे नुसता फराळाचा सोबती म्हणून पाहणं चूक आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठीत नवा लेखक भेटण्याची सर्वांत भरवशाची जागा हीच राहिली आहे. एका अंकात पंधरा-वीस लेखक असतात, त्यातले निम्मे वाचकाला अनोळखी. वीस पुस्तकं विकत घेऊन जे कळेल त्याचा अंदाज इथे एका अंकात येतो. शिवाय मोसम ठरलेला, त्यामुळे प्रकाशकही नव्या पुस्तकांच्या जाहिराती याच अंकांत देतात.

वाचनालयाच्या दिवाळी अंक योजनेनं हे आणखी स्वस्त केलं. एकरकमी वर्गणी भरायची, एका वेळी एक अंक न्यायचा, दोन-तीन दिवसांत वाचून परत करायचा. योजना दिवाळीत सुरू होते आणि साधारण होळी-पाडव्यापर्यंत चालते. बिघडतं ते असं: चार-पाच नावाजलेल्या अंकांभोवती सगळी गर्दी होते. त्यांच्या दोन-तीन प्रती घेतल्या तरी नंबर लागत नाही आणि बाकीचे अंक कोरे करकरीत पडून राहतात. शब्दकोडं पहिलाच वाचक पेननं भरून मोकळा होतो. राशिभविष्याची पानं नाहीशी होतात. अनुभवी वाचक म्हणून उलटा क्रम धरतो. पहिले पंधरा दिवस जिल्ह्यांतून निघणारे आणि एकाच विषयाला वाहिलेले अंक वाचायचे, नावाजलेले गर्दी ओसरल्यावर घ्यायचे. कथा आवडली की लेखकाचं नाव, अंक आणि साल वहीत टिपून ठेवायचं. दिवाळी अंकातली दीर्घकथा पुढे वाढून कादंबरी होऊन येते, लेख पुस्तकात जातात. वर्ष-दोन वर्षांनी त्याच नावाचं पुस्तक फळीवर दिसलं की टिपलेली ओळ कामाला येते. नोंद केली नसेल तर नुसतं ‘कुठेतरी वाचलंय’ एवढंच हाती राहतं.

अंक वर्षातून एकदाच. उरलेल्या अकरा महिन्यांसाठी मॅजेस्टिक प्रकाशनाच्या केशवराव कोठावळे यांनी जानेवारी १९६४ मध्ये ‘ललित’ सुरू केलं. नवी पुस्तकं, आगामी पुस्तकं, लेखकांच्या मुलाखती, परीक्षणं, असं पुस्तकांच्या जगालाच वाहिलेलं मासिक. त्यानंतर दहा वर्षांनी मुंबईत काही पत्रकार-लेखकांनी ‘ग्रंथाली’ उभी केली आणि तिला वाचक चळवळ म्हटलं. सभासदांकडून पैसे घ्यायचे, पुस्तक कमी किमतीत द्यायचं, गावोगाव प्रदर्शनं भरवायची. पद्धत जुनीच, वर्गणीदारांची. पण तिच्यातून वाचकापर्यंत जे पोचलं ते अगदी नवं होतं. दया पवार यांचं ‘बलुतं’ १९७८ मध्ये आणि लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८० मध्ये ग्रंथालीनं काढलं. दलित-भटक्यांच्या जगण्याशी कधी संबंध न आलेल्या घरांत ही पुस्तकं गेली, त्यामागे लेखणीची ताकद होतीच, आणि ती उचलून नेणारे हातही होते.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये झाला. अ, ब, क, ड असे वर्ग ठरले, त्या वर्गांनुसार अनुदान मिळू लागलं आणि वाचनालयांची संख्या पुढे बारा हजारांच्या वर गेली. गावातलं वाचनालय आज याच जाळ्याचा भाग आहे. तिथे नवं पुस्तक सापडत नाही अशी तक्रार नेहमी ऐकू येते, आणि तिची कारणं साधी आहेत. अनुदान हप्त्यांनी येतं, म्हणून खरेदी एकदम होते. पुस्तकं आली तरी शिक्का मारणं, दाखल क्रमांक घालणं, कव्हर चढवणं यात दिवस जातात. तोवर ती ग्रंथपालाच्या टेबलामागे गठ्ठ्यात असतात, आणि वाचक समोरच्या जुन्या फळ्या चाळून परत जातो.

यावर उपाय त्याच टेबलावर असतो. दाखल नोंदवहीत पुस्तकं आली त्या क्रमानं लिहिलेली असतात, विषयानुसार नव्हे. म्हणजे शेवटची चार पानं पाहिली की अलीकडे काय आलं ते कळतं. ग्रंथपालाला विचारलं तर ती बहुतेक ठिकाणी पाहायला मिळते. दुसरी वही मागणीची. हवं असलेलं पुस्तक, लेखक आणि प्रकाशक स्पष्ट अक्षरात लिहून ठेवावं, कारण खरेदीची यादी करताना हीच वही उघडली जाते. नुसतं ‘ती नवीन कादंबरी’ लिहिलं तर कोणीच काही करू शकत नाही.

तिसरी खूण पुस्तकाच्या आतच असते. शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखांची चिठ्ठी पाहा. एकावर एक दाटीनं शिक्के, मग पाच-सात वर्षांची पोकळी, आणि पुन्हा दोन शिक्के, असं दिसलं तर ते पुस्तक एकेकाळी हातोहात फिरलेलं आणि मग मागे पडलेलं. असं पुस्तक घरी नेऊन पाहावं. नाव गाजलेलं आणि चिठ्ठी जवळजवळ कोरी, हीही एक माहितीच.

बडोद्याची पेटी परत आली ती २००९ मध्ये. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीनं विनायक रानडे यांनी ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं. शंभर पुस्तकांची पेटी सोसायटीत, कारखान्यात किंवा कचेरीत ठेवायची, काही महिन्यांनी दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलायची. हीच पेटी पुढे दुबईसारख्या ठिकाणच्या मराठी मंडळींकडे गेली, जिथे मराठी पुस्तकाचं दुकान शोधूनही मिळत नाही. पेटी चालते ती एका जबाबदार माणसामुळे. प्रत्येक पुस्तक नोंदवून देणारा आणि अदलाबदलीच्या आधी मोजून घेणारा कोणी नसेल तर गळती लागते, आणि पुढच्या गटाला अपुरी पेटी मिळते. पाचगणीजवळचं भिलार ४ मे २०१७ रोजी पुस्तकांचं गाव झालं, ब्रिटनमधल्या हे-ऑन-वाय या गावावरून सुचलेली ती कल्पना. पंचवीस जागी, त्यातली बरीच राहती घरं, विषयवार पुस्तकं मांडली गेली आणि पाहुण्यानं बसून वाचावं अशी सोय झाली.

मराठी पुस्तकाची आवृत्ती फार दिवस एक हजार प्रतींची धरली जाई, आता त्याहून कमीही निघते. ती संपली आणि पुनर्मुद्रण झालं नाही की पुस्तक बाजारातून नाहीसं होतं. म्हणून जुन्या पुस्तकांसाठी आता संगणकावरच्या प्रती हा मोठा आधार आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, तेव्हा एकोणिसाव्या शतकातलं जवळपास सगळं मोकळं आहे. शोधताना एक अडचण हमखास येते. साहित्य महामंडळाचे लेखननियम १९६२ मध्ये लागू झाले, आणि त्याआधीच्या पुस्तकांत न उच्चारले जाणारे अनुस्वार सर्रास असत. ‘नाव’ टाकलं तर ‘नांव’ सापडत नाही, ‘घरातील’ टाकलं तर ‘घरांतील’ निसटतं. नाव दोन्ही तऱ्हांनी टाकावं, आडनावाचीही जुनी-नवी रूपं करून पाहावीत. तरीही हाती लागलं नाही तर शीर्षकातला अनुस्वार नसलेला एकच शब्द घ्यावा आणि सोबत छापखान्याचं नाव किंवा साल टाकावं.