खाण, तेल किंवा वायू प्रकल्पाचा त्रास होत असेल तर ‘सीएओ’कडे तक्रार कशी करावी? पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

खाणीसाठी जमीन गेली, विहिरीचं पाणी बिघडलं किंवा पाइपलाइनने चराईची वाट तोडली, की लोक आधी कंपनीकडे जातात आणि मग सरकारी कार्यालयात. प्रकल्पाला पैसा पुरवणाऱ्याकडेही दाद मागता येते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. जागतिक बँक समूहातलं आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळ (आयएफसी) खासगी प्रकल्पांना कर्ज देतं, तर ‘मिगा’ ही संस्था गुंतवणुकीला हमी देते. या दोघांच्या प्रकल्पांबद्दलच्या तक्रारी ‘सीएओ’ (कंप्लायन्स ॲडव्हायझर ओम्बड्समन) ही स्वतंत्र यंत्रणा १९९९ पासून ऐकते. तक्रारीला शुल्क नाही, वकील लागत नाही आणि ती कोणत्याही भाषेत लिहिता येते, म्हणजे मराठीतही.

पात्रतेसाठी तीन गोष्टी पाहतात. प्रकल्पात आयएफसी किंवा मिगाचा सहभाग असावा, तक्रार पर्यावरणाची किंवा लोकांच्या जगण्यावर होणाऱ्या परिणामांची असावी आणि तक्रारदाराला त्या प्रकल्पाची झळ बसलेली असावी किंवा बसण्याची शक्यता असावी. एकटा माणूस, गट किंवा संपूर्ण गाव, कोणीही तक्रार करू शकतं. नुकसान होऊन जाण्याची वाट पाहायची गरज नाही, हे मुद्दाम सांगते, कारण पाणी एकदा दूषित झालं की कोणताही निकाल ते पूर्ववत करून देत नाही. भ्रष्टाचाराच्या आणि कंत्राटं कोणाला दिली याच्या तक्रारी मात्र इथे घेत नाहीत.

यातलं सगळ्यात किचकट काम पैशाचा माग काढण्याचं. आयएफसीच्या संकेतस्थळावर प्रकल्पांची माहिती जाहीर केलेली असते. तिथे स्थानिक कंपनीच्या नावाने काही सापडलं नाही तर थांबू नका. मूळ कंपनी, भागीदार कंपन्या, देश आणि खनिज, सगळ्या नावांनी शोधा. कधी आयएफसी एखाद्या बँकेला पैसे देतं आणि ती बँक खाणीला कर्ज देते. अशा आडवाटेने आलेल्या पैशाबद्दलही तक्रार करता येते. महामंडळ प्रकल्पातून बाहेर पडलं असेल तर दार जवळपास बंद होतं. त्यानंतर १५ महिन्यांच्या आत आणि तेही अपवादात्मक परिस्थितीतच तक्रार विचारात घेतात, म्हणून हा शोध आधी करा.

तक्रारीचा ठरावीक नमुना सक्तीचा नाही. तक्रारदारांची नावं, संपर्क, प्रकल्पाचं नाव व ठिकाण आणि काय त्रास होतो, एवढं लिहून ईमेलने किंवा टपालाने पाठवता येतं. निनावी तक्रार चालत नाही, पण नाव गुप्त ठेवा असं सांगता येतं. सूड उगवला जाण्याची भीती असेल तर ती पहिल्याच पत्रात स्पष्ट लिहा. तुमच्या वतीने एखादी संस्था तक्रार करणार असेल, तर तिला तुम्ही अधिकार दिल्याचं सहीचं पत्र जोडावं लागतं.

पुराव्यांची सक्ती नाही, तरी जोडलेले बरे. तारखेसह फोटो, जमिनीचे उतारे, पाणी तपासणीचे अहवाल, दवाखान्याचे कागद, कंपनीशी झालेला पत्रव्यवहार. कोणता नियम मोडला हे सांगण्याचं बंधन नाही. पण आयएफसीची २०१२ ची कार्यमानके, म्हणजे तिच्या पैशावरच्या प्रकल्पांनी पाळायचे पर्यावरण आणि लोकांविषयीचे नियम, वाचली तर मुद्दे धारदार होतात. पाचवं मानक जमीन आणि पुनर्वसनाबद्दल आहे. सातव्यानुसार आदिवासी समाजांच्या पारंपरिक जमिनींवर परिणाम होणार असेल, तर काही परिस्थितींत आधी पूर्ण माहिती देऊन आणि दबाव न आणता घेतलेली त्यांची संमती लागते. माझ्या मते ‘प्रदूषण होतंय’ या एका वाक्यापेक्षा ‘अमुक महिन्यापासून या झऱ्यावर जनावरं पाणी पीत नाहीत’ हे वाक्य कितीतरी ताकदीचं आहे.

२०२१ मध्ये लागू झालेल्या धोरणानुसार तक्रार पात्र आहे का, हे कामकाजाच्या १५ दिवसांत ठरवतात. मग साधारण ९० कामकाजी दिवस प्राथमिक पाहणी चालते. त्यानंतर दोन वाटा असतात : कंपनीसोबत मध्यस्थाच्या मदतीने बोलणी, किंवा आयएफसी-मिगाने स्वतःचे नियम पाळले का याची तपासणी. बोलण्यांना दोन्ही बाजू तयार लागतात. एकीने नकार दिला तर प्रकरण तपासणीकडे जातं. मंगोलियातल्या ओयू तोलगोई तांबे-सोने खाणीविरुद्ध पशुपालकांनी २०१२ आणि २०१३ मध्ये चराऊ जमीन आणि पाण्याबद्दल तक्रारी केल्या. त्यांचा कंपनी आणि स्थानिक प्रशासनाशी करार व्हायला २०१७ उजाडलं. एवढा काळ गाव एकत्र ठेवायची तयारी असावी लागते. म्हणून बोलण्यांना कोण बसणार आणि गावाला कोण कळवणार, हे तक्रार पाठवण्याआधीच ठरवा. त्यात बायकाही असाव्यात, कारण पाणी बहुतेक ठिकाणी त्याच भरतात.

सीएओ न्यायालय नाही. ती प्रकल्प बंद पाडू शकत नाही किंवा भरपाईचा हुकूम देऊ शकत नाही. त्यामुळे न्यायालयातली मुदत चालू असेल तर ती सांभाळा.

जागतिक बँकेने सरकारला दिलेल्या पैशातून प्रकल्प होत असेल, तर तक्रार सीएओकडे न करता त्याच बँकेच्या तपासणी पॅनेलकडे करावी लागते. तिथे किमान दोन बाधित व्यक्ती लागतात.