आडनाव एक, हत्ती दोन

दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू भाषेत आडनावाला इसिबोंगो म्हणतात आणि 'धन्यवाद' म्हणायचं तर न्गियाबोंगा. दोन्हीत धातू एकच, बोंगा, म्हणजे स्तुती करणं, आभार मानणं. आडनावासाठी इतका गोड शब्द मी तरी दुसरीकडे पाहिला नाही.

आडनावांत प्राणी भरपूर. इंड्लोवु म्हणजे हत्ती, त्यातला पहिला 'इ' गेला की आडनाव झालं न्ड्लोवु. डुबे म्हणजे झेब्रा (रेगे गायक लकी डुबे आठवतोय ना?), न्याथी रानरेडा, न्ग्वेन्या मगर. झुलू म्हणजे आकाश, आणि ते मूळपुरुषाचंच नाव, त्याच्या छोट्याशा कुळाचं पुढे शाका या झुलू राजाने राज्य करून टाकलं.

प्रत्येक आडनावाला जोडून इसिथाकाझेलो असतो, म्हणजे कुळातल्या पूर्वजांवरून आलेली हाक. आदराने बोलवायचं, आभार मानायचे, तर आडनावाऐवजी हीच हाक मारतात. दक्षिण आफ्रिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जेकब झुमा यांना लोक म्शोलोझी म्हणतात ते यामुळेच. आणि आडनाव एकच निघालं तर लग्न नाही, आपल्याकडे देवक एक आलं की सोयरीक मोडते तसंच.

आता खरी गंमत न्डेबेले लोकांची, म्हणजे झिम्बाब्वेतल्या, दक्षिण आफ्रिकेत रंगीत घरं रंगवणारे न्डेबेले वेगळे. 1820 च्या दशकात खुमालो कुळातला म्झिलिकाझी शाकाशी फाटल्यावर आपली माणसं घेऊन निघाला आणि 1840 च्या सुमारास आजच्या बुलावायोच्या भागात स्थिरावला. वाटेत सोथो, त्स्वाना लोक मिसळले, तिथे पोचल्यावर तिथलेच शोना आणि कलांगा लोक. या शोना-कलांगांची आधीपासून मुटुपो म्हणजे कुलचिन्हं होती, त्यांचं चक्क भाषांतर झालं! झोऊ म्हणजे हत्ती, तो झाला न्ड्लोवु. म्बिझीचा डुबे झाला, शुम्बा म्हणजे सिंह त्याचा सिबांडा. मोयो म्हणजे हृदय, हे मात्र तसंच राहिलं, आणि या कुळातल्यांना प्राण्याचं हृदय खायचं नसतं.

त्यामुळे नुसत्या आडनावावरून रक्ताचं नातं ठरवायला गेलात तर फसाल, एक न्ड्लोवु झुलूलँडहून आलेला आणि शेजारचा न्ड्लोवु मूळचा झोऊ असू शकतो. फरक कळतो तो हाकेत. पहिल्याला म्हणतात गात्शेनी, दुसऱ्याला सामन्यांगा, म्हणजे सुळेवाला.