धूम्रपानमुक्ती संदेशांची वेळ

विडी-सिगारेट सोडणाऱ्याला मोबाइलवर जाणारा धीराचा संदेश दिवसात नेमका कधी पोचावा, याची आखणी. तलफेची एक लाट साधारण पाच मिनिटांत ओसरते. संदेश तिच्या तोंडावर आला तर हात थांबतो, ओढून झाल्यावर आला तर माणूस नुसता खजील होतो.

रक्तातले निकोटिन सुमारे २ तासांत निम्मे होते. सोडल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चिडचिड आणि बेचैनी कळसाला पोचते, २ ते ४ आठवड्यांत बरीच निवळते. म्हणून सुरुवातीला संदेश दाट हवेत. ब्रिटनमधील ‘टेक्स्टटूस्टॉप’ चाचणीत (२०११) पहिले ५ आठवडे रोज ५ आणि पुढे २६ आठवडे आठवड्याला ३ संदेश धाडले होते. सहा महिन्यांनी असे संदेश मिळालेल्यांपैकी १०.७ टक्के धूम्रपानमुक्त राहिले, इतरांत ४.९ टक्के.

वेळापत्रक ज्याच्या-त्याच्या दिनक्रमावरून बांधावे. पहिला प्रश्न : उठल्यावर किती मिनिटांत पेटवता? अर्ध्या तासाच्या आत पेटवणाऱ्याचे व्यसन खोल असते. त्याला पहिला संदेश उठल्या-उठल्याच हवा. कोल्हापुरात शिरोली किंवा उद्यमनगरात सात ते तीनच्या पाळीला जाणाऱ्या कामगाराचे धोक्याचे क्षण सहज सांगता येतात : गेटसमोरची टपरी, मधल्या सुट्टीतला चहा, पाळी सुटण्याची वेळ, रात्रीचे जेवण. रविवारी तांबडा-पांढरा झाला की पाय आपसूक पानपट्टीकडे वळतात, तेव्हा त्या दिवशीची वेळ निराळी. प्रत्येक क्षणाच्या ५ ते १० मिनिटे आधी एकच काम सांगणारा मजकूर पुरतो : ‘भावा, चहा आतच घे, टपरीकडं जाऊ नको. पाच मिनिटं काढ.’ त्यात सिगारेटचे नावही नको. नुसत्या नावाने तलफ चाळवू शकते.

योजना बहुधा फसते ती पाळी बदलल्यावर. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी दहाला गाढ झोपेत असतो. तेव्हा दोन-तीनदा फोन वाजला की तो नंबर कायमचा गप्प करून टाकतो, आणि पहाटे तीनच्या चहाला मात्र एकटा पडतो. त्यासाठी दर आठवड्याला पाळी सुरू होण्याच्या आदल्या दिवशी ‘उद्यापासून कुठली पाळी?’ असे विचारून १, २ किंवा ३ एवढेच उत्तर मागवावे आणि सगळ्या वेळा त्यानुसार सरकवाव्यात. अवेळी तलफ आली तर ‘तलफ’, ओढली गेली तर ‘ओढली’ एवढे कळवण्याची सोय हवी. त्याचे उत्तर मिनिटभरात आपोआप जावे, त्यात रागावणे नसावे आणि पुन्हा सोडण्याची तारीख त्याच दिवशी ठरवून घ्यावी.