पाण्यातले क्रोमियम: मोजणी 'हरित' झाली म्हणजे काय झाले?

पाण्यात क्रोमियम दोन रूपांत असते: घातक षट्संयुजी आणि त्यामानाने सौम्य त्रिसंयुजी. षट्संयुजी क्रोमियमची डायफिनाइलकार्बाझाइड चाचणी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरची. आम्ल केलेल्या नमुन्यात अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेला हा रिएजंट (रंग आणणारे रसायन) घालायचा, जांभळा रंग पक्का झाला की ५४० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात वाचन घ्यायचे. रिएजंटची बाटली तपकिरी पडली की टाकून द्यायची. त्रिसंयुजी वजाबाकीने, म्हणजे एकूण क्रोमियममधून षट्संयुजी वजा करून काढायचे; दोन्ही मोजण्यांतल्या चुका त्या वजाबाकीत येऊन बसतात.

त्याहून सूक्ष्म प्रमाण पकडायचे तर नमुन्यातले क्रोमियम आधी थोड्या द्रवात गोळा (संहत) करावे लागे. त्यासाठी मिथाइल आयसोब्यूटाइल कीटोनसारखी द्रावके सर्रास वापरली जात. हरित रसायनशास्त्राची, म्हणजे घातक द्रव्ये आणि कचरा कमी करण्याची, बारा तत्त्वे १९९८ मध्ये मांडली गेल्यावर द्रावकांचा हा खर्च खुपू लागला. साबणासारख्या पृष्ठसक्रियकाने क्रोमियम गोळा करायची 'क्लाउड पॉइंट' पद्धत आधीपासूनच होती, तिच्याकडे आता ओढा वाढला. २००६ मध्ये आलेल्या एका सूक्ष्मनिष्कर्षणाने (थेंबभर द्रावकात क्रोमियम ओढून घेण्याच्या पद्धतीने) द्रावक काही मायक्रोलिटरवर आणले. फक्त ते द्रावक क्लोरीनयुक्त होते! मग आयनिक द्रवांची, म्हणजे द्रवरूप क्षारांची पाळी. त्यांची वाफ जवळजवळ होत नाही, म्हणून ते हरित. त्यांतले बरेच जलचरांना विषारी आहेत आणि सहजी कुजत नाहीत, हे उशिरा ध्यानात घेतले गेले.

खरा गुंता 'हरित' या शब्दाचाच. २०१२ मध्ये १०० पैकी दंडगुण वजा करणारी मोजपट्टी आली, २०१८ मध्ये रंगीत पंचकोनांची आणि २०२० मध्ये बारा भागांच्या वर्तुळाची, शून्य ते एक गुण देणारी. या शेवटच्या मोजपट्टीत कुठल्या निकषाला किती वजन द्यायचे हे वापरणाराच ठरवतो, आणि गुण बहुधा पद्धत शोधणाराच देतो. परीक्षार्थीनेच पेपर तपासण्यातला हा प्रकार. नॅनो-शोषक (क्रोमियम धरून ठेवणारे अतिसूक्ष्म कण) बनवताना किती द्रावक आणि वीज गेली, हे गुणांत क्वचितच उतरते. थेंबभर द्रावकाचा अर्क शेवटी मिनिटाला १५ लिटरच्या आसपास आर्गॉन वायू पिणाऱ्या, क्रोमियम मोजणाऱ्या प्लाझ्मा यंत्रात जातो, तरी शीर्षकात 'हरित' असतेच.

दरम्यान पिण्याच्या पाण्यातल्या क्रोमियमच्या मर्यादा खाली येत आहेत. एकूण क्रोमियमची रूढ मर्यादा लिटरला ५० मायक्रोग्रॅम. युरोप २०३६ पासून २५ वर येणार आहे. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये एकट्या षट्संयुजीसाठी १० ठरवली.

जागेवरच मोजण्याकडे ओढा आहे तो वेगळ्या कारणानेही. आम्लात टिकवलेल्या नमुन्यातले षट्संयुजी वाटेतच त्रिसंयुजी होऊ शकते. कागदी पट्टी आणि फोनचा कॅमेरा हा त्यावरचा स्वस्त उपाय. त्या पट्टीवर रिएजंट बहुतेक वेळा डायफिनाइलकार्बाझाइडच असतो.